सा, ग, प आणि दोन बोटं

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, फक्त माझं डोकं फिरलंय. प्रेसमधल्या कटिंग मशीनने डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली, तेव्हाही मी इतकी चिडले नव्हते. चाळिशी गाठल्यावर हौसेने गिटारच्या क्लासात नाव घातलं. सरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. बोटांची चित्रं आणि खाली कॉर्डचं नाव. पाठ करा म्हणाले. बोटं तिथेच का ठेवायची, असं मी विचारलं, तर असंच असतं म्हणे! मग माझा हात बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "चार बोटांशिवाय गिटार नाही. तुम्ही गाणं शिका."

माझा आवाज कसा भसाडा आहे ते तुला ठाऊक आहे. रविवारी ते माझं नाव क्लासातून कमी करणार आहेत. वाद्यं दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला, खरं काय ते तूच सांग. वहिनीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. हा कसला मास्तर? कॉर्ड म्हणजे काय बोटांची कवायत आहे? ती एकदम वाजणाऱ्या तीन सुरांची जुळणी.

सा पेटीच्या पांढरी एक पट्टीचा धर. पहिला सूर घे, एक सोड, पुढचा घे, एक सोड, पुढचा घे. सा, ग, प. झाली कॉर्ड. पपासून तसंच मोज, प, नी, रे. मपासून म, ध, सा. मधला सूर अर्धी पायरी खाली आणलास, म्हणजे गचा कोमल ग केलास, की तीच कॉर्ड उदास होते. बस, एवढंच.

आता गिटार घे. सगळ्यात बारीक तारेपासून मोजून दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, एक बोट ठेव आणि बारीक तीन तारा छेड. प, सा, ग. क्रम उलटासुलटा, पण सूर तेच. दुसरी, तिसरी, चौथी तार मोकळी छेडलीस की पची कॉर्ड, तिला बोटच लागत नाही. मची तुझ्या दोन बोटांत बसते, ती तू शोध.

वहिनी म्हणते, गरज पडली तर ती भांडायला येईल.

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

वहिनीला त्रास नको, मीच भांडले. मची कॉर्डसुद्धा सापडली. रविवारी क्लासात साची छेडून दाखवली, तर सर म्हणाले, ही अर्धीच कॉर्ड. मी म्हटलं, तुमच्या पुऱ्या कॉर्डमधले सूर एकेक करून सांगा. पाच तारा छेडून झाल्या आणि निघाले तेच तीन, त्यातले दोन पुन्हा आलेले. सर गोरेमोरे झाले. मग म्हणाले, बसा. मी बसले.

घरी येताना खूश होते. चपला काढता काढता आठवलं आणि पुन्हा पेटले, या वेळी तुझ्यावर. तेरा वर्षांची असताना मी तुझ्या मागे मागे फिरून, बोटं तिथेच का, हेच विचारत होते. तू गिटार कपाटावर ठेवलीस आणि म्हणालास, "तुला नाही कळायचं." आईनेही मान डोलावली. मी खरं मानलं आणि सत्तावीस वर्षं पुन्हा विचारलं नाही.

तुझं पत्र एका पानाचं होतं, दादा. आणि तेव्हा माझी दहाही बोटं शाबूत होती.

लोभ आहेच, पण आज तो मागू नकोस.

तुझी,
भिंगरी