खिडकीजवळचं बाक

मी, सिरिल मॉसन, वय एकवीस, मूळचा स्केलबीच्या चामडे गल्लीतला, आज डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं. कोणाचं दडपण नाही, असंही यात लिहावं लागतं. कॉर्पोरल हबर्ड दारात उभा आहे आणि चहाच्या आत त्याला सगळ्यांची मृत्युपत्रं हवी आहेत, कारण सोमवारी आमची तुकडी सायप्रसच्या बोटीवर चढणार. पण मी काय लिहितो याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तेव्हा दडपण नाही असंच धरावं. फॉर्मवर जागा चार ओळींची. मी जादा कागद मागितले तेव्हा तो म्हणाला, "मॉसन, तुझी इस्टेट ती काय? दोन बूट, तेही राणीचे."

कलम एक. माझी सायकल केंटमध्ये मिसेस टॅपसेल यांच्या गोठ्यात आहे, ती त्यांनीच ठेवावी. मागचा ब्रेक लागत नाही, उतारावर पाय टेकवावे. त्या गोठ्यापाशीच गेल्या सप्टेंबरात मला पोलिसांनी धरलं. सक्तीच्या भरतीची पत्रं दोन वर्षं माझ्या मागे फिरत होती आणि मी त्यांच्या पुढे. जत्रेत पाळणे उभे केले, कालव्यावर कोळशाची होडी हाकली, होडीवाल्याच्या मुलीशी लग्नही ठरत आलं होतं, पण ते या कलमात बसत नाही. सायकल मिसेस टॅपसेलना.

कलम दोन. माउथ ऑर्गन शेजारच्या खाटेवरच्या डेन्झिल ट्रेवेनाला द्यायचा होता. पण तो साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. म्हणून तो मी त्याला आत्ताच देऊन टाकला. तो वाजवतो आहे. पुढे अक्षर बिघडलं तर त्याला जबाबदार डेन्झिल.

कलम तीन. पोस्टातल्या बचतीचं पुस्तक आईला. शाळेचा ब्लेझर तिच्या ट्रंकेत आहेच, डांबराच्या गोळ्यांत. तो तिचाच होता.

कलम चार. शाळेची टोपी रॉडनी क्रॉसलीला. हा आमच्यावर नेमलेला मोठा विद्यार्थी. फाटकाबाहेर डोक्यावर टोपी दिसली नाही की "मी टोपी विसरणार नाही" दोनशे वेळा लिहून घ्यायचा. ग्रामर स्कूलची टोपी पहिल्या वर्षी घेतात आणि ती पाचव्या वर्षापर्यंत पुरवतात. शेवटी ती माझ्या डोक्यावर बशीसारखी बसायची, आणि आमच्या गल्लीतली पोरं टपलेली असायची: "मॉसन, चहा कुठं सांडलास?" क्रॉसली आता बँकेत आहे. त्याने ही टोपी घालून एकदा बाजारपेठेतून चालावं. माझी एवढीच अट.

कलम पाच. कंपासपेटी, दप्तर, बीजगणिताचं पुस्तक आणि लॅटिनचा शब्दकोश वॉल्टर मेटकाफला. राहणार चामडे गल्ली, काम कातडी कमावायच्या कारखान्यात. का, ते लिहिल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही.

सेहेचाळीस सालच्या मार्चात आम्ही गल्लीतली पोरं अकराव्या वर्षाची परीक्षा द्यायला ग्रामर स्कूलच्या मोठ्या हॉलमध्ये गेलो. पास झाला तो ग्रामर स्कूलला, नापास झाला तो दुसऱ्या शाळेत, आणि तिथून पंधराव्या वर्षी कारखान्यात. पेपरावर नाव घालायचं नव्हतं. बाकाच्या कोपऱ्याला आकडा चिकटवलेला, तो लिहायचा. बाकं नावांच्या यादीने लावलेली. मॉसन एकेचाळीस, मेटकाफ बेचाळीस. बेचाळीस खिडकीशी होतं आणि खिडकीखाली रेल्वेचं यार्ड. मी हळूच विचारलं, वॉल्टर, जागा बदलतोस का. तो म्हणाला, "बस की. मला काय, बाक ते बाक."

मी बेचाळीस लिहिलं, त्याने एकेचाळीस. मालगाडीच्या वाघिणी ढकलणारं इंजिन बघत माझं निम्मं गणित कोरं राहिलं. वॉल्टरने सगळं सोडवून दोनदा तपासलं.

मे महिन्यात पास झाल्याचं पत्र आलं ते आमच्या घरी. आईने ब्लेझर आणून दोन दिवस पुढच्या खिडकीत टांगला. वॉल्टरच्या आईने केक करून आणला.

शाळेत मला काही कळेना. संध्याकाळी कारखान्याच्या भिंतीवर वॉल्टर माझं पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि गणितं सोडवून द्यायचा, मजा म्हणून. लिंडली मास्तर वहीवर लिहायचे, घरी हुशार, वर्गात दगड. तिसऱ्या वर्षी शिक्षा म्हणून त्यांनी मला परीक्षेची बाकं लावायला ठेवलं. मी खळीची वाटी घेऊन आकडे चिकटवत होतो आणि ते यादी धरून मागे चालत होते. सहज म्हणाले, "नीट लाव. एक पोरगा चुकीच्या बाकावर बसला तर त्याचे मार्क दुसऱ्याच्या घरी जातात."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. खळ बुटावर गळली, तिचा डाग पुढे कधी गेला नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती ब्लेझरलाच इस्त्री करत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन तू नुसती इंजिनं सांगत होतास. जागा बदलली तेही सांगितलंस. मी काय खुळी आहे? आता तोंड उघडलंस तर तुझी जागा जाईल, आणि वॉल्टरला काही ती मिळायची नाही. चहा घे."

मी चहा घेतला. तिचं म्हणणं खोटं ठरवायला मला आजवर काही सापडलेलं नाही. आणखी अडीच वर्षं मी त्या शाळेत काढली. उठता येईना आणि बसवेना. सोळाव्या वर्षी झोळी घेऊन निघालो तेव्हा वॉल्टर कारखान्याच्या फाटकाशी उभा होता, हात कोपरापर्यंत तपकिरी. "निघालास कुठं?" म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो ना, हललो नसतो." आणि हसला. त्यानंतर कुठल्याच जागी महिनाभरापेक्षा जास्त माझ्याच्याने राहवलं नाही. आता इथे दाराला कुलूप आहे म्हणून राहिलो.

इथवर लिहून मी कागद डेन्झिलला दिला. तो कोळ्याचा पोर, सावकाश वाचतो. वाचून म्हणाला, "म्हणजे त्या वॉल्टरला हे कळायला आधी तू मरायला पाहिजेस. आणि धडधाकट परत आलास तर?"

मी म्हटलं, तर नाही कळणार.

त्याने माउथ ऑर्गन खिशात टाकला. "हा मात्र मला जिवंतपणी दिलास."

कलम सहा. कलम पाच मरणाची वाट बघणार नाही. ते मी दुसऱ्या कागदावर उतरवून पाकिटात घातलं आहे. आम्हांला सोमवारपर्यंत फाटकाबाहेर सोडत नाहीत, कॉर्पोरल हबर्ड मात्र आज गावात जातो. पाकीट टपालात टाकायला त्याच्या हातात गेलं आहे, आता मागून घेता येणार नाही. वॉल्टरची उत्तर लिहायची इच्छा झाली, शिव्या द्यायची झाली, तर ते बोटीवर येईल, आणि बोटीवरून मला पळता येणार नाही. आईला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिने चहा दिला असता.

पाकिटाच्या मागे माझा लष्करी आकडा घातला आहे. गळ्यातल्या बिल्ल्याशी दोनदा ताडून पाहिला. तो माझाच आहे.

सही: सिरिल मॉसन
साक्षीदार: डेन्झिल ट्रेवेना, शिपाई
साक्षीदार: ए. हबर्ड, कॉर्पोरल (पाकीट मिळालं. मजकूर वाचलेला नाही.)
बराक क्रमांक सहा, शनिवार, १५ सप्टेंबर १९५६