‘डॉन’ची उदाहरणं

ता. ११ जून, सकाळ

प्रिय दादा,

तू आणि वहिनी बरे असाल असं धरून चालते. वहिनीचा गुडघा कसा आहे? बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय, शब्दकोशाचा हट्ट मात्र दुप्पट झालाय.

आठवडाभर एकाच इंग्रजी शब्दावर अडलोय: डॉन. हसू नकोस, गुंड नव्हे, पहाटवाला. पहाट, उजाडणं, सुरुवात, मग हळूहळू लक्षात येणं. बाबांचा नियम तुला माहीत आहे. प्रत्येक अर्थाला वापराचं एक वाक्य, आणि तेही स्वतःचं, दुसऱ्या कोशातून उचललेलं चालत नाही. ते कार्डावर लिहितात, मी टाइप करते.

पहिलं कार्ड साधं होतं, ‘पहाटे पाऊस थांबला.’ दुसऱ्यावर होतं, ‘उजाडायच्या आधी तिने घंटा वाजवली.’ मी गुपचूप टाइप केलं, पण कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. आजारपणात आईच्या उशाशी आपण पितळी घंटा ठेवली होती ना. परवाचं कार्ड: ‘पहाट होईपर्यंत ती वाजवत राहिली.’

आई गेली तेव्हा बाबा तुझ्याकडे होते. घरात मी एकटीच. पण शेजारच्या काकूंची भिंत आईच्या खोलीला लागून आहे, आणि मागच्या आठवड्यात त्या बाबांशी दार लोटून तासभर बोलत बसल्या होत्या. बाबांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सुटले असते. चहा मागतात, माझ्याकडून डोळ्यांत थेंब घालून घेतात आणि पुढचं कार्ड लिहितात. मला आता त्यांच्या टेबलाजवळ जायची भीती वाटते.

आज शेवटच्या अर्थाचं कार्ड दिलं. अर्थ लिहिलेला, ‘लक्षात येणं’. वाक्याची जागा कोरी.

“हे तू लिही,” म्हणाले. “मला सुचत नाही, असं नाही. संध्याकाळपर्यंत दे.”

दादा, आई झोपेत गेली असं मी तुम्हा दोघांना सांगितलं. ती जागी होती. तीन रात्रींच्या जागरणाने मी पार गळून गेले होते. घंटा ऐकली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पाच मिनिटं पडू दे, म्हटलं. ती वाजतच राहिली, मी उठले नाही. थांबली तेव्हा बाहेर उजाडत होतं, आणि आपल्याला हायसं वाटलंय हे हळूहळू माझ्या लक्षात आलं.

हेच वाक्य मी कार्डावर लिहिणार आहे. मग बाबा मला घरात ठेवतील का, ठाऊक नाही. तू बहीण म्हणशील का, तेही नाही. म्हणून खाली ‘तुझी’ लिहीत नाही.

छोटी