काट्यावर पास

६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. फोनवर तू मला तुझ्या शाळेतल्या पोरांसारखं मैदानात उभं करतेस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.

कंपनीने ट्रक चालवणाऱ्या सगळ्यांची तपासणी काढली आहे. जूनच्या सुरुवातीला ज्याचं वजन जास्त भरेल, त्याच्या हातातून गाडी जाणार. वीस वर्षं गाडी चालवली, आता माझी लायकी पोटावरून ठरणार. ताई, गाडी गेली तर मी काय करू?

मी कामाला लागलोय. रोज संध्याकाळी चालतो आणि आमच्याच कंपनीचं खेळाडूंचं निळं पेय पितो. चेपलेल्या बाटल्या आम्हाला फुकट मिळतात. निघताना एक, आल्यावर एक, गाडीत तहान लागली की आणखी. बाटलीवर धावणाऱ्या माणसाचं चित्र आहे. तरी काटा मागे येत नाही, उलट पुढेच सरकलाय. तू खेळ शिकवतेस, तुला कळेल. हसू नकोस म्हणजे झालं.

धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
बाळू

११ मे

चि. बाळूस,
अ. उ. आ.

हसले, खोटं कशाला बोलू. चित्रातला माणूस धावतोय बाबा, तू नुसता पितोयस. रमतगमत चालून जेवढं झिजवतोस, त्याहून जास्त साखर पोटात ओततोस. ते पेय तासन् तास उन्हात घाम गाळणाऱ्यांसाठी असतं. तुझं लहानपणापासून असंच, फुकट ते पौष्टिक.

बाटली आजच बंद कर. चालणं वाढव, रात्रीचं जेवण कमी कर. वजन उतरेल, गाडी कुठे जात नाही.

वहिनीला माझी आठवण सांग. माया आहे म्हणूनच बोलते, हे विसरू नकोस.

तुझी
ताई

९ जून

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी यांनी बाटल्या शेजारपाजारी वाटून टाकल्या. नुसतं पाणी प्यायचे, वजनही उतरत होतं. पण तपासणी तोंडावर आली तरी थोडं उरलंच. मग एका सकाळी काट्यावर उभे राहिले, तांब्याभर पाणी प्यायले आणि पुन्हा उभे राहिले. काटा पुढे गेला. म्हणाले, "जे चढवलं ते काट्यावर दिसतंच. वीस वर्षं माल असाच भरतोय."

माणूस म्हणजे ट्रक नव्हे, म्हणून मी भांडले. ऐकलं नाही. शेवटचे दोन दिवस ओठ ओले करण्यापुरतंच पाणी घेतलं आणि उन्हात माल पोचवत राहिले.

वजनात पास झाले. लगेच गाडी घेऊन निघाले आणि कंपनीच्या फाटकातच शुद्ध हरपली. गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलं नव्हतं. तीन दिवस सलाईन लावलं. चालवताना शुद्ध गेलेल्याला पुन्हा गाडी मिळत नाही. आता गोदामात बसवलंय.

काय बंद करायचं ते तुम्ही लिहिलंत, प्यायचं काय ते लिहिलं नाहीत. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण मला हे कुणालातरी म्हणायचंच होतं.

आपली
भावजय

१८ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, हिला लिहिलेलं आणि मला लिहिलेलं. हिने तुला लिहिलं ते मला आवडलं नाही. पाणी प्यावं हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही, असं तू तिला कळवलंस. खरं आहे. आपल्या घरात शहाणी तूच.

गोदामाच्या दारातून मला माझी गाडी दिसते. नव्या ड्रायव्हरचं पोट माझ्याहून मोठं आहे. तो तपासणीनंतर लागला, त्याची पाळी पुढच्या वर्षी. गाडी मागे घेताना आरशात बघत नाही. काल मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रविवारी येते म्हणतेस. येऊ नकोस. तू एक शब्द बोलणार नाहीस, मला माहीत आहे. पण तू बरोबर होतीस हे तुझ्या तोंडावर दिसेल, आणि ते मला बघवणार नाही.

लोभ असू दे, पण सध्या लांबूनच.

बाळू