पाना कुणी फिरवला?

दादा,

तुझे साहेब धडधडीत खोटं बोलतायत. बाबांना नीट दिसत नाही म्हणून ते पडले, असं अहवालात लिहून त्यांना टपाल वाटण्याच्या कामावरून काढायला निघालेत. बाबा म्हणतात, सायकलचं हँडल महिनाभर खडखडत होतं, दोनदा तुमच्याच ऑफिसात तक्रारही केली होती.

आज मी सायकल तपासली. पुढचा ब्रेक दाबून मागेपुढे हलवली, तर खडखड अजिबात नाही. उलट पुढचं चाक उचललं की हँडल बरोबर मध्यावर अडकतं, वळायचं नाव घेत नाही. म्हणून सगळं खोललं. हँडलखालच्या वाटीत छर्‍यांनी खड्डे पाडलेत, ग्रीसचा पत्ता नाही. हे चार दिवसांत होत नसतं. वरच्या नटावर मात्र पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे आहेत. म्हणजे बाबा पडल्यानंतर कुणीतरी नट करकचून आवळला आणि खडखड बंद केली.

बाबा पडले तिथून सायकल तू उचललीस आणि घरी आणलीस तीन दिवसांनी. तुझ्या बढतीचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. हे मी बाबांजवळ बोलले नाही.

त्यांना हाताचं प्लास्टर बदलायला नेतेय. छर्रे ओट्यावर बशीत आहेत, हात लावू नकोस. आणि ‘चिमणे, तुला काय कळतंय यातलं’ हे आज चालणार नाही. पाना धरायला तूच शिकवलंस.

उद्या त्या अहवालावर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे म्हणे. ते तीन दिवस सायकल कुठे होती आणि नट कुणी आवळला? आम्ही परत यायच्या आत याच कागदामागे लिहून ठेव.