टाकीमागची भिंत

आबा,

"टाकी न काढता चुना देशी, त भित अर्धीच ऱ्हाई," असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी तेव्हा बारा वर्षांची. तुम्ही कापसाच्या जीनमधून घरी यायच्या आत न्हाणीघर पांढरंशुभ्र करायचं म्हणून मी दिवसभर खपले होते. तुम्ही आलात, काळे हात धुतलेत आणि टाकीमागे बोटं घालून बाहेर काढलीत. बोटांना कोळ्याची जाळी. रागावला नाहीत, पण दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून खाली उतरवलीत आणि माझ्या हाती पुन्हा कुंचा दिलात. माय चुलीपुढून म्हणाली, "टाकीमांगे कोन देखाले जास हो? पाल?" तुम्ही म्हणालात, "पाल देखी, मंग ती गावभर सांगी." मी रडता रडता हसले.

ती टाकी तुम्ही जीनमधल्या मोडीत निघालेल्या पत्र्याची केली होती. मायला वाकून हंड्यातून पाणी घ्यावं लागू नये म्हणून भिंतीवर उंच बसवलीत, खाली पितळी तोटी लावलीत. गल्लीतल्या बाया ती तोटी फिरवून बघायला यायच्या. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. माय दर दिवाळीला सगळं घर पोतारते, फक्त त्या एका भिंतीला कुणाला हात लावू देत नाही. यंदा सुट्टीत तळोद्याहून आले तर टाकीखालचे लोखंडी आधार गंजून पापुद्रे सुटलेले, आणि माय रोज त्यांच्याखालीच आंघोळीला बसते. मी म्हटलं, उतरवू या.

"हात लावू नको. त्यासनी बसाडेल शे."

"माय, डोकामा पडी."

"पडू दे. डोकं मन्हं शे."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मायनं तोटी फिरवली आणि टाकी एका अंगाला कलली, तेव्हा तिनंच आपला पाट उचलून बाहेर आणला. मी शेजारच्या दोघांना बोलावलं.

टाकी अंगणात गेली आणि मी भिंतीकडे बघतच राहिले. तुमच्या शेवटच्या दिवाळीला मायच्या हट्टानं तुम्ही चुन्यात नीळ घातली होती. ती फिकट निळाई टाकीच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली. मागे जुना पिवळट चौकोन, आणि त्याच्याभोवतीनं तुमच्या कुंच्याचे फटकारे वळून गेलेले, अगदी माझ्या बाराव्या वर्षी गेले होते तसे.

माय दारात उभी होती. "तुन्हा बापना हात खांदाना वर जाये नही तवय," ती म्हणाली. "माले सांगे, 'पोरले कळू देऊ नको, ती हासी माले.'"

"म्हनीसन तू चौदा वरीस टाकी हालू दिनी नही?"

"मंग? सबद देयेल व्हता."

आबा, मी हसले नसते. पण तुमचं ते अर्ध्या भिंतीचं वाक्य मी वीस वर्षं शाळेतल्या मुलींना ऐकवत आले आहे. गेल्याच महिन्यात शिवणाची उलटी बाजू नीट नव्हती म्हणून एकीला सगळं उसवायला लावलं. तिनं मान खाली घालून उसवलं. सुट्टी संपली की तिला आधी विचारणार आहे, बोटं दुखत होती का गं म्हणून.

आज दुपारी आम्ही दोघींनी भिंत रंगवली. मायनं यंदाही नीळ घालायला लावली, डबा धरून उभी राहिली आणि "वर ऱ्हायनं, वर!" म्हणत मला नाचवलं. किती तरी दिवसांनी तिचा आवाज असा चढलेला ऐकला. विलायतेतल्या लढाईमुळे नवं लोखंड मिळत नाही, म्हणून लोहार उद्या सकाळी बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या लोखंडी धावेचे आधार बसवणार आहे. तोटी मी चिंचेनं घासली, सोन्यासारखी निघाली.

हा कागद माझ्या वहीतच राहील. पण एक कबूल करते. टाकीमागचा तो चौकोन मी रंगवलेला नाही. चुना उरला आहे, कुंचा ओला आहे, लोहार यायला अवकाश आहे, म्हणजे सबब कुठलीच नाही, आणि तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तरी विचारते आबा, एवढी एक भिंत मला अर्धीच राहू द्याल?