टाकीत राहिलेलं पेट्रोल

पप्पा,

मागच्या वेळी लिहिताना माझी एक चूक झाली. जीप तुम्ही ठेवली होती तशीच आहे, असं मी लिहिलं होतं. ती तशी नाही. तिचं इंजिन जाम झालंय. लिहिलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला मी इतक्या वर्षांत एकदाही हँडल लावून इंजिन फिरवून पाहिलं नव्हतं. म्हणजे नुसती चूक म्हणून ती सोडून देता येत नाही. आधी दुरुस्त करते, मग बाकीचं.

रविवारी गडहिंग्लजहून सुभेदारकाका आले होते. तुमच्याबरोबर जुन्या लष्करी गाड्यांच्या नादाला लागलेल्यांपैकी आता तेवढे एकच आमच्याकडे येतात. त्यांचा जुना लष्करी ट्रक दुरुस्त होऊन एकदाचा धावायला लागला. थंडीत जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, त्यात तुमची जीपही असावी, असं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, आहे की, पप्पांनी ठेवली तशी आहे. शेडचं दार उघडलं. तुम्ही मडगार्डवर ठेवलेलं हँडल तिथेच होतं, त्यावरची चिंधीसुद्धा. काकांनी हँडल लावलं, जोर दिला. सगळी जीप स्प्रिंगांवर हलली, पण इंजिन हललं नाही. त्यांनी पुन्हा लावलं. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, हे पेट्रोल कधीचं?

मी सांगितलं, पप्पांनी भरलेलं.

त्यांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, "पोरी, हे पेट्रोल ऱ्हायलं न्हाय. वार्निश झालंय ह्याचं."

पप्पा, त्या पेट्रोलचं तुम्हाला आठवत असेल. शनिवारी संध्याकाळी तुम्ही कॅन घेऊन आलात, फडक्यातून गाळून टाकीत ओतलंत, इंजिनात नवीन ऑइल घातलंत. दुसऱ्या दिवशी जीप जयसिंगपूरच्या बाजूला न्यायची होती, जिथून ती आणली त्या गुऱ्हाळावर. दुरुस्त झाली की आणून दाखवतो, असा त्या मालकांना तुमचा शब्द होता. रविवारी सकाळी तुम्ही नळावर हात धुवायला वाकलात आणि उठला नाहीत. साबण तुमच्या हातावर तसाच होता. तेव्हा मी कॉलेजात होते. लोक पांगल्यावर मी शेडला कुलूप लावलं आणि ठरवलं, इथलं काही हलवायचं नाही. तुमचं शेवटचं पेट्रोल, तुमचं शेवटचं ऑइल, तुम्ही शेवटी आवळलेले नट. आईला मी तिथे झाडूही मारू दिला नाही.

ती जीप पहिल्यांदा पाहिली तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. मी तिसरीत असेन. तुम्ही गुऱ्हाळातल्या घाण्याची झिजलेली दातेरी चाकं बघायला निघालात आणि मला स्कूटरवर पुढे उभं केलंत. गुऱ्हाळाच्या मागे चिपाडांचा ढीग आहे, त्यातून गंजलेलं एक नाक बाहेर आलंय. तुम्ही चिपाडं बाजूला करता, करतच राहता, आणि चाकांचं काम विसरून जाता. मालक हसतात. म्हणतात, "पावणं, चाकं बघाय आलाय का मढं उकराय?" शेवटी सौदा ठरला. त्यांना घाण्याची नवीन चाकं तुम्ही लेथवर करून द्यायची आणि ते मढं तुम्ही न्यायचं. महायुद्धातली गाडी आहे, असं तुम्ही घरी सांगितलंत तेव्हा आई म्हणाली, मग आपल्या घरी का आली, युद्ध संपलं की. पुढे वर्षभर शेडमध्ये काकवीचा वास यायचा. ऊन वाढलं की पत्र्याच्या सांध्यांतून मुंगळे निघायचे, आणि तुम्ही ब्रशने ते एकेक उचलून बाहेर सोडायचात. मारायचे नाहीत म्हणायचात, आपल्या आधी तेच राहत होते.

माझी पहिली शाळा तीच. ती गाडी इंचाच्या मापाची, म्हणून अपूर्णांक मी वर्गाआधी पान्यांवर शिकले. तुम्ही गाडीखालून हात बाहेर काढून म्हणायचात, अर्ध्यापेक्षा एक सोळांश मोठा दे. मी बोटं मोजून नऊ सोळांश शोधायचे. चुकीचा पाना दिला तर तुम्ही रागवायचा नाहीत, तोच लावून बघायचात, नटावरून घसरू द्यायचात आणि परत द्यायचात. आता मी शाळेत अपूर्णांक शिकवते आणि फळ्यावर भाकरी काढते, पाने नाही. मुलांना पाने कळणार नाहीत असं मला वाटतं.

तुम्ही एकदाच ओरडलात. इंजिन नुकतं चालू व्हायला लागलं होतं आणि मी हट्टाने हँडल मागितलं. मी ते मुठीत घट्ट धरलं. तुम्ही माझा हात असा हिसकलात की मनगटावर वळ उठला. "अंगठा गुंडाळायचा न्हाय. इंजिन उलटं फिरलं की अंगठा जातोय." मी रडायला लागले. मग तुम्ही खाली बसून माझा अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूला आणून ठेवलात आणि तुमचा हात वर ठेवलात. आपण दोघांनी मिळून अर्धा फेर फिरवला. त्यानंतर दर रविवारी, गाडी कुठे न्यायची असो वा नसो, हँडल मारायचं ठरलं. बसून राहिली की गाडी मरते, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. हे मी ऐकलेलं होतं, पप्पा. रोजच्यासारखं ऐकलेलं.

रविवारी काका कट्ट्यावर बसून सांगत होते की टाकी रिकामी करावी लागेल, कार्बोरेटर खोलावा लागेल, आणि पिस्टन आतच चिकटून बसलेत म्हणून बहुतेक हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकणही उघडावं लागेल. त्यांनी आजच सुरुवात करू का विचारलं. मी म्हटलं, नको. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, मी दर खंडेनवमीला पूजा करते, हळदकुंकू लावते, झेंडूचा हार घालते, दुर्लक्ष केलेलं नाही. हे बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आयुष्यभर त्या जीपला सवत म्हणणारी माझी आई.

ती म्हणाली, "पूजा त्यांनी वर्षातनं एकदा केली. हँडल दर आठवड्याला मारलं. तू त्यांचं नेमकं काय धरून ठेवलंयस?"

मग ती आत गेली आणि काकांसाठी चहा टाकला. आतून भांड्याचा आवाज येत होता. तिच्या डोळ्यांना पदर होता की नाही ते मला दिसलं नाही. मला विचारायला हवं होतं. इतक्या वर्षांत तिला त्या शेडमध्ये एकटीने बसावंसं वाटलं असेल का, हेही मी कधी विचारलेलं नाही. किल्ली माझ्याजवळच असते.

काका गेल्यावर मी बॉनेट उघडलं. हेडच्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ आहे, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट आवळून झाला की तुम्ही ती ओढायचात. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. धुळीखालीसुद्धा सगळ्या रेघा अखंड आहेत. तुम्ही शेवटचा हात फिरवला तेव्हापासून एकही हललेला नाही. आणि आता त्या मलाच तोडायच्या आहेत, एकेक करून, पाना लावून. इंजिन वाचवायचं तर दुसरा मार्ग नाही. तरी ते वाचेलच असं काकांनी म्हटलेलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते म्हणाले, उघडल्याशिवाय काय सांगू.

काका म्हणतात, तुला होत नसेल तर मी एकटा करतो, तू बाहेर बस. मी नाही म्हणाले. पेट्रोल मी काढणार. थोडं बाटलीत भरून ठेवावं असं मनात आलं होतं, बाटली धुवून उन्हात वाळतही घातली होती. आज ती आईला तेलासाठी दिली.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या रेघांपैकी काही मी ओढलेल्या आहेत. तुम्ही ब्रश माझ्या हातात दिला होता, ते आठवतं. रविवारपासून रोज शेडमध्ये जाऊन बघते आहे, पण तुमच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, मला ओळखता येत नाही.

उद्या खंडेनवमी, उद्या हत्याराला हात लावायचा नाही. आईने हळदकुंकवाचं ताट काढून ठेवलंय. उद्या शेड तीच उघडेल, किल्ली मी तिला दिली आहे. परवा गुरुवारी, दसऱ्याला सकाळी, मी पहिला नट सोडवणार आहे.