पाण्याची भरलेली बाटली

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

ऑपरेशन करावं लागेल म्हणाले वणीचे डॉक्टर. आता मलमाने होणार नाही.

अंकुर माझ्या मांडीवर, सात वर्षांचा घोडा, तोंड माझ्या पदरात. लघवीच्या जागेची कातडी पुढून आवळून बसली आहे. लघवी आत साचते, फुगा होतो, मग थेंब थेंब गळते. तीन वर्षं झाली. या पावसाळ्यात दोनदा ताप आला. डॉक्टर म्हणाले, "पुढची कातडी काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम. सुंता म्हणतात ना, तेच."

तो शब्द ऐकून बाकावरच्या दोन बायांनी माना वळवल्या. वळवा!

आणखी एक विचारलं त्यांनी. "तान्हा असताना तेल लावून कोणी मागे ओढायचं का?"

रोज. माझ्या सासूबाई, आत्याबाई, त्याला पायावर घेऊन आंघोळ घालायच्या, खोबरेल लावायच्या आणि ओढायच्या. सगळ्या घरी तसंच करतात. 'नाही तं मोठेपणी तरास होते.' डॉक्टर म्हणाले, त्यानेच आत बारीक जखमा होतात, आणि भरताना कातडी आवळते.

अंकुर तेव्हा किंचाळायचा. टॉवेल धरून मीच उभी असायची.

६ ऑगस्ट

घरी सांगितलं.

आत्याबाईंची भाकर तव्यावरच करपली. "माह्या अतुलनं नाही म्हटलं होतं. पोरगा गेला माहा, आता त्याचा शब्दही मोडून राह्यली?"

धाकटे दीर कपिल हसले. "वहिनी, मंग टोपी बी घेऊन ठेवा पोट्ट्याले!"

मामंजींनी तंबाखू मळली, तशीच मुठीत धरून गोठ्यामागे गेले. बऱ्याच वेळाने आले.

७ ऑगस्ट

आत्याबाई खोटं बोलल्या नाहीत. अंकुरच्या बाबांनी नाहीच म्हटलं होतं.

अंकुर चारचा होता. हेच डॉक्टर, हाच सल्ला. मी म्हटलं करून टाकू. ते एकदम उसळले— "आपल्यात नाही करत. सुटते आपोआप. अन् नाही सुटलं तं मरत नाही माणूस त्यानं!" आणि कोळशाचा टिपर ट्रक काढायला निघून गेले. लाजाळू माणूस, नवरा म्हणूनही लाजाळूच. दहा वर्षांत एवढ्या जोरात ते तेव्हा एकदाच बोलले. मी पुन्हा विषय काढला नाही. दीड वर्षाने कोळसा खाणीच्या रस्त्यावर टिपर उलटला, आणि आमचं भांडण अर्धवट माझ्याकडे राहिलं.

ही डायरीही त्यांचीच. ते गेले त्या वर्षीची, खताच्या दुकानातून मिळालेली. पहिल्या पानावर नाव, बाकी कोरी. वार जुळत नाहीत, खोडून लिहिते.

त्यांनी नाही म्हटलं. मी हो म्हणते. उलट बोलायला ते नाहीत, ही काही माझी चूक नाही.

९ ऑगस्ट

आठवीत शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. किराण्याच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही. आज ग्रामपंचायतीच्या कपाटातून आरोग्याचं पुस्तक आणलं. शिपाई चावी द्यायला तयार नव्हता. "स्वैपाकाचं नाही व बाई त्याच्यात!" म्हटलं, स्वयंपाक येतो मला.

चार ओळी सापडल्या. तीनदा वाचल्या. बहुतेक मुलांची कातडी वाढत्या वयात आपोआप सुटते, ओढू नये, असं लिहिलं आहे. म्हणजे ते अर्धे बरोबर होते. पण जखमेने आवळली असेल तर सुटत नाही. म्हणजे मीही बरोबर आहे.

पुस्तकात आम्ही दोघं एकाच पानावर!

१० ऑगस्ट

घरात चार दिवस वाद चालू आहे. अंकुरला किती दुखतं, हे एकानेही विचारलेलं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज तोंडातून निघालं.

आत्याबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. "बाप नाही ना बोलाले, मंग पोराले बाटवाले कोण अडवन?" मी धुणं टाकून आले. म्हटलं, "बाटवत नाही, आत्याबाई. तुम्ही तेल लावून ओढलं, त्यानं आवळलं. डॉक्टरनं सांगतलं."

त्या म्हणाल्या, "मी तं अतुलचंही तसंच केलं. माह्या सासूनं जसं शिकवलं तसंच."

आणि आत गेल्या. जेवल्या नाहीत.

बोलायला नको होतं. माझा टॉवेल मी सांगितलाच नाही त्यांना.

१४ ऑगस्ट

शाळेतून निरोप. राठोड मॅडमनी बोलावलं.

"आई, हा दिवसभर पाणी पीत नाही. आज कवायतीत चक्कर येऊन पडला. विचारलं तर म्हणते, पाणी पेलं का मुतावं लागते."

त्याची बाटली रोज भरलेली घरी येते. मला वाटायचं, बापावर गेला. त्यांचीही पाण्याची कॅन अशीच परत यायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. मी रागावले की म्हणायचे, "खाणीत तहान नाही लागत." ती कॅन अजून खुंटीला आहे. आणि मी त्यांच्या आठवणीने पोराची बाटली रोज कौतुकाने रिकामी करत होते! तुळशीत ओतत होते!

बस. कोणाची परवानगी नको. कोणाचा शब्दही नको. मेलेल्या माणसाचा शब्द मी जन्मभर पाळीन, पण लेकराच्या लघवीवर नाही.

१६ ऑगस्ट

मंगळवारचा नंबर लागला.

२० ऑगस्ट, मंगळवार

झालं.

सकाळी घरातून कोणी निघालं नाही. मामंजी तेवढे एसटीच्या थांब्यापर्यंत आले. मी म्हटलं चला सोबत. ते म्हणाले, "एसटीत मले जमत नाही." खरंच आहे, गावाला जायचं म्हटलं की ते सकाळपासून चहासुद्धा घेत नाहीत. अंकुरच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून गेले.

दवाखान्यात कागद पुढे केला. "वडिलांची सही?"

"वारले."

"मग घरातलं मोठं कोणी?"

"मीच मोठी."

सही केली. अक्षर चांगलं आलं.

आत नेताना अंकुरने माझं बोट धरलं. "आई, काका म्हणे कापलं का मी दुसऱ्या धर्माचा होतो. मंग तू माही आई राहशीन?"

कपिलभाऊजी, हे मी विसरणार नाही.

म्हटलं, "नखं कापल्यावर बदलला का तू?" त्याने विचार केला. म्हणाला, "नाही." आणि बोट सोडलं.

बाहेर अर्धा तास भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. सगळे वार बरोबर होते.

२१ ऑगस्ट

मलमपट्टी चड्डीला चिकटली. अंकुरने रडून रडून गाव गोळा केला. मी घाबरले. तेवढ्यात पलीकडच्या आळीतल्या शमीमभाभी आल्या. त्यांच्याकडून मी ब्लाउज शिवून घेते, एवढीच ओळख. दारातूनच ओरडल्या, "चड्डी कायको पहनाई उसको? चिपकेंगी ना!"

पिशवीतून दोन एवढ्याशा लुंग्या काढल्या. त्यांच्या पोरांच्या, जपून ठेवलेल्या. कोमट पाण्याने पट्टी भिजवून हळूच सोडवली. लुंगी मधोमध दोरीने वर ओढून आढ्याला बांधली, अंगाला लागूच नये म्हणून. छोटा तंबूच! अंकुर रडता रडता हसला. त्या म्हणाल्या, "मेरे दोनों का मैनेच किया. आदमी लोग तो भाग जाते."

मी म्हटलं चहा घ्या. आत्याबाई बसल्या होत्या समोर, डोळे वटारून. भाभी म्हणाल्या, "फिर कभी."

हा 'फिर कभी' मला लागला. उद्या मीच बोलावून आणीन.

२३ ऑगस्ट

ओली लुंगी दिसेना. शोधली. आतल्या खोलीत दोरीवर वाळत होती, कोणाला दिसणार नाही अशी, स्वच्छ धुतलेली.

आत्याबाईंना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

भाभी आज चहा घेऊन गेल्या.

२६ ऑगस्ट, सोमवार

धार! गोठ्याच्या भिंतीपर्यंत!

अंकुर ओरडला, "आई, पाय, पाय कुठवर गेली!" मी शेणाच्या हातानं धावले. आत्याबाई दारात. कोणी एवढ्या गोष्टीसाठी रडतं का? आम्ही दोघी रडलो, वेगवेगळ्या कोपऱ्यात.

मामंजी खाटेवरून पाहत होते. हसले नाहीत. पाहतच राहिले.

बाटली रिकामी. दोनदा भरून दिली.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. अंकुर लाकडी बैल घेऊन निघाला. लुंगीवरच. पॅन्ट अजून टोचते म्हणतो. म्हटलं, चल तसाच.

मारुतीच्या पारापाशी एकाने तो शब्द वापरला. लिहीत नाही. पोरं हसली. माझ्या बैलवाल्याचं तोंड उतरलं. मी पुढे होणार, तेवढ्यात मागून काठी आपटली. मामंजी! "कोण बोललं रे? पुढं ये. सगळ्याइच्या बापाले ओयखतो मी!"

कोणी पुढे आलं नाही. अंकुरचा बैल पहिल्या रांगेत उभा राहिला.

रात्री भाकर वाढताना मी म्हटलं, "मामंजी, बरं केलं."

९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी मामंजींनी ओट्यावर हाक मारली. घरात कोणी नव्हतं.

"प्रेरणा, त्या डॉक्टरची चिठ्ठी हाये का अजून?"

म्हटलं, "आता कायले? जखम भरली त्याची."

"अंकुरसाठी नाही."

मी खाली पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते. "अतुल मले सांगे, बाबा दुखते. मी म्हणो, माह्यंही तसंच हाये, मरत नाही माणूस त्यानं."

गुरुवारचा नंबर लावला. विठ्ठलराव, वय एकाहत्तर. सोबत मी.

मग मी आत आले आणि खुंटीवरची अंकुरच्या बाबांची कॅन खाली उतरवली. तहान लागायची त्यांना. खाणीत, रस्त्यात, घरी. लागायचीच.